आठ आणे विहीर

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

दिंद्रुड, ता. माजलगाव
११ जून २००१

चि. वर्षाराणी हिस,

अप्पांचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. म्हणजे तुझी आई ‘मला मेलीला अन्नच जात नाही’ असं म्हणून रोज दोन भाकरी खाते, दुकान आहे तिथंच आहे, आणि माझा गुडघा पूर्वी पावसाच्या आधी दुखायचा तो आता विनाकारण दुखतो. तुझं जर्मनीचं पत्र मिळालं. दीड पान. त्यातलं अर्धं पान हवामान. पोरी, तिकडे थंडी असते हे मला शाळेत भूगोलाला होतं.

उरलेलं एक पान मात्र मी चार वेळा वाचलं. गिऱ्हाईक उभं होतं तरी वाचलं. तू लिहितेस की मँगनीज नावाचा धातू पाण्यात विरघळलेला असतो, डोळ्याला न दिसणारे जीव त्याचं काळं खनिज बनवतात, आणि तुम्ही लोक ते क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शकातून बघता. बरं. एक्स-रे म्हणजे मोडलेल्या हाडाचा, एवढंच मला ठाऊक होतं. तुझी आई म्हणते, ‘त्या जिवाला हाडच न्हाई तर एक्स-रे कशाचा काढतीय पोरगी?’ मी म्हणालो, ते तुला कळायचं नाही. मलाही कळलेलं नाही, पण ते तिला सांगितलं नाही.

आता मुद्दा. तू लिहिलंस, ‘अप्पा, आपल्या विहिरीतलं ते काळं आठवतं का? त्याचा थोडा नमुना पाठवाल का? हात न लावता, न धुता.’

आठवतं का! अगं, सात वर्षं झाली, मी दुसरं काय आठवतोय?

तुला सगळं ठाऊक आहे. तरी तुझ्या रिपोर्टला जोडायला लागेल म्हणून हकीकत लेखी देतो. मळ्यातली विहीर सामाईक. आठ आणे आपली, म्हणजे निम्मी, आणि आठ आणे त्या माणसाची. (नाव मी लिहिणार नाही. अर्जुनराव.) दोघांच्या आजोबांपासून पाण्याच्या बाऱ्या ठरलेल्या, कधी एका बादलीवरून कटकट नाही. चौऱ्याण्णव साली पाणी काळं यायला लागलं. पाइपातून काळ्या खपल्या, टाकीला काळा थर, माझ्या धुतलेल्या धोतरावर काळे ठिपके. विहिरीच्या काठावर डिझेलचं इंजन कुणाचं? त्याचं. इंजनाचं जळकं ऑइल जाणार कुठं? मी भर बाजारात, चारचौघांत विचारलं. तो म्हणाला, ‘मन्मथ, तोंड सांभाळ.’ मी सांभाळलं नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. विहिरीच्या कठड्यावर मी ऑइलपेंटनं लाल रेघ मारली. अलीकडे आपण, पलीकडे ते. पाण्यावर रेघ कशी मारावी ते समजलं नाही, नाहीतर तीही मारली असती.

आणि आता घरचीच पोरगी एक्स-रेवाली! देव आहे म्हणायचा. होऊन जाऊ दे दुधाचं दूध अन् पाण्याचं पाणी. रिपोर्टवर तिकडच्या सरकारचा गोल शिक्का घेता आला तर बघ. एक प्रत मराठीत कर. काच बसवून दुकानात लावणार आहे, गल्ल्याच्या वर, जाता-येता त्या माणसाला दिसेल अशी.

आपल्या बाजूनं विहिरीत उतरून, काळा थर चढलेले सहा गोटे काढलेत. आत्ताच पोस्टात फॉर्म आणायला गेलतो. गहिनीनाथ पोस्टमास्तर म्हणाला, ‘अप्पा, वस्तूचं नाव लिवा.’ लिहिलं, गोटे. ‘किंमत?’ म्हणालो, गोट्याला कसली किंमत? ‘मंग बिनकिमतीचे गोटे परदेशात धाडता कावून? तिकडं काय गोटे न्हाईत? भेटवस्तू लिवा, न्हाईतर मला वरून इचारतील.’ तर तुला सहा गोटे भेट येत आहेत. पार्सल उद्या निघेल, आज गोटे घरी फडताळात ठेवतो. तुझ्या आईला त्यात मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणीही भरायची आहे.

शेवटच्या ओळीत तू रोहिणीचं विचारलंस. ती त्या माणसाची मुलगी, तिचं त्यांना ठाऊक. मला काही माहीत नाही.

तुझे
अप्पा


दिंद्रुड
९ ऑगस्ट २००१

चि. वर्षाराणी हिस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक नाही. तुझं पत्र आल्यापासून मी तुझ्या आईशी दोन दिवस बोललो नाही. तिच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

तू लिहिलंस, ‘अप्पा, चटणी पोचली. गोटे सुंदर आहेत, अगदी चकचकीत. पण त्यांच्यावर काहीच नाही.’ मी आतल्या दाराशी जाऊन विचारलं, ‘जगदेवी, ते फडताळातले गोटे तू घासलेस का?’

‘मंग? चांगले चिंचेनं घासले, तीन पाण्यानं धुतले, उन्हात वाळवले.’

‘कावून?’

‘अवो, परदेशी जायचे गोटे ते! तिथली मानसं काय म्हनतील? वर्षाराणीच्या घरी साधे गोटे बी घासायची पद्धत न्हाई?’

‘अगं बाई, ती घाणच पाठवायची होती!’

‘पोरीला कुणी घाण धाडतं का?’

सात वर्षांचा सबूत या बाईनं मूठभर चिंचेत धुऊन मोकळा केला. वर मलाच सांगते, ‘पर लई सोपं निघालं बरं का. चिंचेचा हात लागला की गेलं.’ मी कपाळाला हात लावला आणि दुकानात येऊन बसलो.

असो. दुसरा माल पाठवतोय. या वेळी अगदी तुझ्या हुकमाप्रमाणे. इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या आणल्या, उकळल्या, विहिरीच्याच पाण्यात काळा गाळ ओला ठेवला. पाइपाच्या आतली जुनी जाड खपली वेगळ्या बाटलीत. सगळं दुकानाच्या गल्ल्यात कुलूप लावून ठेवलं, तुझ्या आईपासून. बूच मेणानं बंद केलंय. गहिनीनाथनं बाटल्या बघून विचारलं, ‘अप्पा, औषध का जहर?’ म्हणालो, ‘पुरावा.’ त्यानं फॉर्मवर ‘विहिरीचे पाणी, पूजेसाठी’ असं स्वतःच लिहिलं.

तुला दोन्ही बाजूंचे नमुने पाहिजे होते. म्हणजे मला माझीच लाल रेघ ओलांडावी लागली. मी इकडं-तिकडं बघून पाय पलीकडे टाकतोय तेवढ्यात बंकट आला. त्यांचा सालगडी, तुला आठवत असेल, तुला आणि रोहिणीला बैलगाडीत शाळेत सोडायचा तो. म्हणाला, ‘काय करता अप्पा?’

‘पाण्याचा एक्स-रे काढायचाय. जर्मनीत. कुणी काय टाकलंय ते सगळं दिसतंय त्यात.’

त्याचं तोंड एवढंसं झालं. ‘जुनं टाकलेलं बी दिसतं का वो?’

‘सगळं दिसतं!’

बादली तिथंच सोडून गडी निघून गेला. आता बोल! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तुझा रिपोर्ट यायच्या आधीच निकाल लागल्यासारखा आहे. तरी तू रीतसर काढ.

तू लिहितेस की त्या मोठ्या मशीनवर तुला वर्षातून दोनदाच बारी मिळते, नंबर लावावा लागतो. एवढा श्रीमंत देश आणि तिथंही बारी? मग आपल्या विहिरीनं काय घोडं मारलंय? तुझ्या बारीत कुणी घुसत असेल तर मुळीच ऐकून घेऊ नकोस. बारीवरून कसं भांडायचं ते आपल्या घराण्याला शिकवायला नको.

आणखी एक तू विचारलंस. काळं यायच्या आधी विहिरीत काही बदल केला होता का, कुठून खोलवरचं नवं पाणी आलं होतं का. या प्रश्नाचा इथं काय संबंध ते मला उमगलं नाही. विहीर आहे तशी आहे. तू ऑइलवर लक्ष ठेव.

शेवटच्या ओळीचं उत्तर कागद संपल्यामुळे देता येत नाही.

अप्पा

ता. क. मागची बाजू तुझ्या आईला लिहायला सोडली होती. तिनं फक्त ‘खात जा’ लिहिलंय, म्हणून बाकी पान कोरं दिसेल.


दिंद्रुड
२१ ऑक्टोबर २००१

चि. वर्षाराणी,

आशीर्वाद. तुझा लिफाफा मिळाला. फोटो मिळाला. आधी मी तो उलटा धरला होता. सुलटा धरल्यावरही तसाच दिसला.

तुझी आई म्हणाली, ‘शेवग्याच्या शेंगा हायेत.’ आणि खरंच, बारीक शेंगांचा भारा पडल्यासारखं दिसतंय. तू लिहिलंस की त्या नळ्या आहेत, त्या जिवांनी स्वतःभोवती केलेल्या, आणि वरचा काळा लेप म्हणजे मँगनीजचं खनिज. एका केसाच्या जाडीत अशा कितीतरी नळ्या शेजारी शेजारी मावतील. क्ष-किरणांची ताकद थोडी थोडी बदलत गेलं की मँगनीज त्यांना कुठं अडवतं ते कळतं, आणि पाण्यात विरघळलेलं मँगनीज वेगळं ओळखू येतं, काळं झालेलं वेगळं. तू हे सगळं असं लिहिलंयस की मला समजलं. समजलं याचा मला अभिमान वाटला, हेही लिहितो. गहिनीनाथला फोटो दाखवला. दुकानात आलेल्या सगळ्यांना दाखवला. ‘पोरीनं काढलाय’ म्हणून सांगितलं. एकानं विचारलं, ‘लग्नाचा का?’

मग दुसरं पान उलटलं. ‘अप्पा, तेल असतं तर तेही दिसलं असतं. दोन्ही बाजूंच्या बाटल्यांत तेल नाही. पाइपातली खपली कांद्यासारखी थरांची आहे, पाइपाला चिकटलेला थर सगळ्यात जुना. तोही बघितला. तिथंही तेल नाही. अजिबात नाही.’

तुझं मशीन तपासून घे.

रागानं लिहीत नाही. पण माझ्या दुकानातला काटासुद्धा वजनमापवाले येऊन तपासतात, शिक्का मारतात. तुझ्या मशीनवर शिक्का कुणाचा आहे? मारलाय का कुणी? नसेल तर मारून घे आणि परत बघ.

आणि पुढं दहा ओळींवर पुन्हा तेच. जमिनीच्या पोटात खोल, जिथं हवा नाही, तिथल्या पाण्यात मँगनीज गुपचूप विरघळून बसलेलं असतं. ते पाणी विहिरीत आलं, हवा लागली, की या जिवांचं फावतं. ‘अप्पा, मला अंधूक आठवतंय, आपण आडवा बोअर मारला होता. कधी?’

मारला होता. मे त्र्याण्णव. झालं समाधान?

पाणी कमी पडायला लागलं होतं. पाणाड्या आणला, त्यानं तळहातावर नारळ धरून विहिरीत चक्कर मारली, एका जागी नारळ उभा राहिला. म्हणाला, इथं पोटात आडवं भोक पाडा. अर्जुनराव म्हणाले होते, ‘मन्मथ, राहू दे. विहिरीच्या बरगड्यात भोकं पाडू नको. हाय तेवढं पुरतंय.’ मी म्हणालो, ‘तुला भ्या वाटत असंल तर मी एकटा मारतो.’ मारला. सत्तर फूट आत. काय पाणी आलं म्हणतेस! मी गावाला पुरणपोळी घातली. येईल त्याला हात धरून विहिरीवर नेत होतो, बघा माझं पाणी, बघा माझं पाणी. पुढच्या साली काळं आलं तेव्हा ते पाणी माझं आहे हे मला सुचलं नाही.

सुचलं नाही असं लिहिलं खरं.

एकदा सुचलं होतं. बाजारात तोंड टाकून आल्यावर चार-पाच दिवसांनी. टाकी धूत होतो. सगळं काळं बोअरच्याच धारेखाली जास्त साचलेलं दिसत होतं. माझा हात थांबला. पण तोवर सगळ्या गावात बोलून झालं होतं पोरी, त्यांनी मला शिव्या दिल्या होत्या, मी त्यांना दिल्या होत्या. आता कुठल्या तोंडानं मागं फिरायचं? मी टाकी धुऊन टाकली आणि तो विचारही. मग दर वर्षी ते तेल माझ्या डोक्यात जास्त जास्त खरं होत गेलं.

हे पत्र पोस्टात टाकावं की नाही, माहीत नाही. आठ दिवस गल्ल्यात पडून आहे. तुझ्या आईला सांगितलेलं नाही. आज टाकतो.

शेवटची ओळ वाचली. मी दर वेळी वाचतो.

अप्पा


दिंद्रुड
१८ नोव्हेंबर २००१

माझी वर्षाराणी,

आशीर्वाद. दिवाळी झाली. फराळ वेगळा पाठवतोय, त्यात गोटे नाहीत.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, आणि गिऱ्हाईक येऊ दिलं नाही. तुझा फोटो पिशवीत घातला. तुझ्या आईला म्हणालो, जरा जाऊन येतो. ती म्हणाली, ‘कुठं?’ म्हणालो, ‘अर्जुनकडं.’ तिनं हातातली चकली परातीत ठेवली आणि म्हणाली, ‘थांबा, मी बी येते. विमलबाईचा डबा द्यायचाच हाय.’ सात वर्षं ज्या घराशी बोलणं बंद, त्या अर्जुनच्या बायकोचा डबा आपल्या घरात कुठून आला, हे विचारायला मला त्या वेळी सुचलं नाही. माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

अर्जुन ओट्यावर बसला होता. मला बघून उठला नाही. म्हणाला, ‘काय बे, वाट चुकलास का?’

सात वर्षांनी ‘बे’ ऐकलं. मी काय काय पाठ करून गेलतो, सगळं उडालं. पिशवीतून फोटो काढला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि एका दमात सांगितलं. ‘तेल न्हाई अर्जुन. पोरीनं जर्मनीत बघितलं. हे जिवानं केलंय, अन् त्यांना खायला-प्यायला माझ्या बोअरनं घातलं. कसूर माझा. तुला भर बाजारात बोललो ते खोटं व्हतं. मला माफी दे न्हाईतर चार शिव्या दे, पण काहीतरी दे.’

त्यानं फोटो उचलून बघितला. त्यानंही आधी उलटाच धरला होता. मग एकदम ओरडला, ‘बंकट! ए बंकट, हिकडं ये!’ बंकट आला तो दाराच्या चौकटीला धरूनच उभा राहिला. ‘सांग अप्पाला.’

बंकट म्हणाला, ‘अप्पा, त्या साली माझ्या हातून जळक्या ऑइलचा डबा हिरीत पडलता. अर्धा डबा. मालक म्हनले, कुनाला बोलू नको.’

अर्जुन खाली मान घालून म्हणाला, ‘मन्मथ, सात वर्सं मला वाटतंय की ते माझंच तेल हाय. खोटा आळ असता तर मी हसून सोडून दिला असता रे. खरा वाटला म्हनून तर येवढा राग आला.’

‘पण तेल न्हाईच म्हणते पोरगी!’

‘तिला काय ठाव? डबा माझा पडलाय!’

‘अर्ध्या डब्यानं सात वर्षं काळं येतं का बे? माझा सत्तर फुटाचा बोअर हाय!’

‘तुझ्या बोअरचं कौतुक नको सांगू मला. तवा बी लई सांगितलंस. कसूर माझा हाय!’

‘माझा हाय!’

पोरी, शपथेवर सांगतो, आम्ही पुन्हा भांडलो. आवाज इतका चढला की गल्लीतली माणसं जमली. त्यांना वाटलं जुनंच चाललंय. आत स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला, आणि तुझी आई पदरानं डोळे पुसत बाहेर आली. म्हणाली, ‘दोघं बी गप बसा. तेल नव्हतंच ते. मला पहिल्या दिसापासून ठाव हाय.’

‘तुला कसं ठाव?’

‘तेलाचा डाग चिंचेनं कधी निघतो का? चिंच लावली की तांब्या-पितळेवरलं काळं जातं. तेलाला राख लागती, सोडा लागतो. ह्यो काळा थर माझ्या घागरीवरून चिंचेनं गेला, विमलबाईच्या घागरीवरून बी गेला. आमी दोघींनी तवाच वळखलं.’

‘मग सांगितलं का नाहीस? सात वर्षं!’

‘मला कुनी इचारलं?’

तू तिकडे सूर्यापेक्षा लख्ख किरण पाडून जे शोधलंस, ते तुझ्या आईनं मोरीत बसून शोधलं होतं. तिचं म्हणणं, काळं कशानं झालं ते वर्षाराणीनं शोधलं, तेल नाही हे मात्र मी. तुझ्या रिपोर्टात तिचं नाव घालता येतं का बघ. खरंच सांगतो, घाल.

आणि हेही कळलं की या दोघी सात वर्षं दर सोमवारी महादेवाच्या देवळामागं भेटत होत्या. दर दिवाळीला आपल्या घरी येणारी सीताफळं बाजारातली नव्हती, अर्जुनच्या मळ्यातली होती. मी ती खाऊन म्हणायचो, त्या माणसाच्या मळ्यातल्यापेक्षा ही गोड आहेत. तुझी आई मान हलवायची. अर्जुन माझ्या घरचं मेतकूट सात वर्षं खातोय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं नुसतं विमलबाईकडं बघितलं.

शेवटी निवाडा असा झाला. कसूर विहिरीसारखाच वाटून घ्यायचा. आठ आणे बोअरचे, आठ आणे डब्याचे, मग एक्स-रे काही म्हणो. बंकटनं परवा कठड्यावरची लाल रेघ रॉकेलनं घासली, निघेना. तुझ्या आईनं हौसेनं चिंच लावून बघितली. तीही चालली नाही. ऑइलपेंट आहे.

आता शेवटच्या ओळीचं उत्तर. कागद भरपूर आहे.

रोहिणी दिवाळीला माहेरी आलीय. आष्टीकडे दिलीय तिला. एक मुलगी आहे, पाच वर्षांची, तुमच्यासारखीच तोंडाळ. रोहिणी माझ्या पाया पडली आणि आत जाऊन एक पाकीट घेऊन आली. तिची लग्नपत्रिका. पंचाण्णव सालची, मी न उघडता परत पाठवलेली. अर्जुननं जपून ठेवली होती. म्हणाली, ‘अप्पा, आता तरी उघडा.’

उघडली. अक्षता पिवळ्याच होत्या अजून. खाली सगळ्या नावांच्या शेवटी छापलेलं होतं, ‘करवली : कु. वर्षाराणी मन्मथप्पा’.

मला ठाऊक नव्हतं गं. नाव छापलंय हे मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं, होय ना? म्हणूनच त्या दिवशी तू सकाळी नवी साडी नेसून बसली होतीस. आणि मी तुझ्या खोलीला बाहेरून कडी लावली. वाजंत्री दुकानापर्यंत ऐकू येत होती. तू दार वाजवशील म्हणून मी ओसरीत बसून होतो. तू एकदाही वाजवलं नाहीस. वाजवलं असतंस तर मी उघडलं असतं, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगतोय. खरं सांगायचं तर तेही मला नक्की माहीत नाही. संध्याकाळी कडी काढली तेव्हा तू साडीची घडी घालून ठेवली होतीस. त्यानंतर तू पुण्याला गेलीस, मग जर्मनीला, आणि मला दीड पानाची पत्रं येऊ लागली. तुझी आई म्हणायची, अभ्यास फार असतो. मीही तेच म्हणायचो.

रोहिणीनं सांगितलं, ‘अप्पा, वर्षी आली न्हाई म्हनून मी दुसरी करवली घेतलीच न्हाई. माझ्या मागं जागा रिकामीच ठेवली व्हती.’ मी सगळ्यांच्या समोर रडलो. अर्जुननं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि या खेपेला वाद घातला नाही.

पत्रिका या पाकिटात घातली आहे. अक्षता तशाच राहू दिल्यात. आमंत्रण द्यायला बापानं सहा वर्षं उशीर केला. रोहिणी म्हणते, तिच्या मुलीचं जावळ-बारसं सगळं होऊन गेलं, पण उन्हाळ्यात धाकट्या दिराचं लग्न आहे, करवली लागेलच. तुझी मशीनवरची बारी बघून ये. नाही जमलं तर नाही म्हणून कळव, मी काही म्हणणार नाही. पण दीड पानात कळवू नकोस.

आज मागची बाजू कोरी राहणार नाही. ती रोहिणी लिहिते आहे, समोरच बसली आहे, माझ्या हातातून कागद ओढते आहे. म्हणून मी पुढच्या बाजूवर आटोपतो.

विहिरीच्या काळ्यात माझे आठ आणे, अर्जुनचे आठ आणे. त्या कडीत अर्जुनचा एक पैसाही वाटा नाही, तुझ्या आईचा नाही, कुणाचाच नाही.

तुझे, सोळा आणे कसूरवार,
अप्पा